'तू' कुणी कुणाला म्हणावे?

दवाखान्यात रुग्ण समोर येऊन बसला की डॉक्टर विचारतात, 'काय होतंय?' इथवर भाषा तटस्थ असते. पुढच्याच वाक्यात मात्र 'तुला' की 'तुम्हाला' हे ठरवावे लागते. इंग्रजी डॉक्टरला 'यू' या एका शब्दावर निभावून नेता येते. मराठीत ती सोय नाही. इथे सर्वनाम उच्चारताच दोन माणसांमधील अंतर निश्चित होते. या अंतराला इतिहास आहे, आणि पालघर जिल्ह्यात तो विशेष ठळकपणे दिसतो.

पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण आपल्याकडे रुजले ते मुंबईत 1845 साली स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजमुळे. त्यापूर्वीचा वैद्य हा 'वैद्यबुवा' होता. 'बुवा' या शब्दात आदर असला तरी तो कीर्तनकाराला आणि पुजाऱ्यालाही लागत असे. अधिकाराचा दर्प त्यात नव्हता. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक भाऊ दाजी लाड. त्यांचे पाळण्यातले नाव मागे पडले आणि घरातली हाक तेवढी उरली. 'डॉक्टर भाऊ दाजी' या नावात परकी पदवी आणि नात्याचा शब्द शेजारी शेजारी नांदतात. हा शेजार पुढे टिकला नाही. सरकारी नोकरीतला डॉक्टर मामलेदार-फौजदारांच्या पंक्तीला जाऊन बसला आणि 'डॉक्टरसाहेब' झाला. लॅटिनमध्ये 'डॉक्टर' म्हणजे शिकवणारा. आपण त्याला 'साहेब' जोडून हुकूम देणारा केले.

स्त्रियांच्या बाबतीत भाषा अधिकच गोंधळली. आनंदीबाई जोशी 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, पण पाटलीण, मास्तरीण या चालीवर 'डॉक्टरीण' म्हणजे डॉक्टरची बायको हाच अर्थ दीर्घकाळ रूढ राहिला. म्हणून 'लेडी डॉक्टर' आली, नंतर 'डॉक्टरबाई', आणि आता 'मॅडम'.

आता पालघरकडे वळू. 2014 साली ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशा आदिवासी समाजांची मोठी वस्ती आहे. वारली बोलीत प्रमाण मराठीतल्या आदरार्थी अनेकवचनाला तितकी जागा नाही. वडीलधाऱ्याला, देवाला, पाहुण्याला 'तू' म्हणण्यात तिथे उणेपणा नाही. तांदळाचे दाणे मांडून आजाराचे कारण सांगणारा भगत आणि त्याच्यापुढे बसलेला आजारी माणूस हे दोघेही एकमेकांना 'तू' म्हणतात. तो 'तू' दोन्ही बाजूंनी सारखाच वजनाचा असतो.

हीच बाई आरोग्य केंद्रात येते आणि डॉक्टरला सहजपणे 'तू' म्हणते, तेव्हा ते उद्धटपणाचे ठरते. डॉक्टरने तिला म्हटलेला 'तू' मात्र कुणाच्या कानाला खटकत नाही. शब्द एकच, पण खालून वर जाताना तो अपराध आणि वरून खाली येताना तो रिवाज. या मुलखात वरून येणाऱ्या 'तू'ला एक जुना वासही आहे. सावकार-जमीनदारांनी वेठीला धरताना वापरलेला तो 'तू' होता. त्या वेठीविरुद्ध 1945 साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले. 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात गोदावरीबाईंनी ती हकीगत सांगितली आहे. वेठ गेली, व्याकरण राहिले. दरडावणीच्या 'तू'पुढे माणूस गप्प होतो, आणि गप्प बसलेल्या रुग्णाचे निदान कोणत्या यंत्राने करायचे?

बोईसर-तारापूरचे चित्र निराळे. 1969 साली अणुवीज केंद्र सुरू झाले, पाठोपाठ औद्योगिक वसाहत आली, आणि तिच्याबरोबर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून कामगार आले. इथल्या दवाखान्यांतील व्यवहार बराचसा हिंदीत चालतो. मराठी माणूसही 'डॉक्टरसाब' म्हणतो, आणि डॉक्टर 'आप' व 'तू' यांच्यामधला 'तुम' निवडून मोकळा होतो. कामगाराचे नाव केसपेपरवर राहते. हाक मारायला 'भैया' पुरतो. 'भैया' म्हणजे खरे तर भाऊ. पण इथे तो नात्याचा शब्द उरलेला नाही, परकेपणाचा शिक्का झाला आहे. नुसता नात्याचा शब्द वापरल्याने नाते जुळत नाही, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

तरीही रुग्णाला नात्यावाचून चैन पडत नाही. परिचारिकेला आपण 'सिस्टर' म्हणतो, म्हणजे इंग्रजीतून का होईना, बहीणच म्हणतो. वॉर्डातली आया 'मावशी' असते. 2005 पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगाव आलेली 'आशा' ही मुळात इंग्रजी आद्याक्षरांची जुळणी. लोकांनी तिला 'ताई' जोडून आपली केली. तिकडे हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे 'प्रकाशभाऊ' झाले. सगळ्या रुग्णालयात नात्याबाहेर उरतो तो एकटा डॉक्टर.

इंग्लंडमध्ये केट ग्रेंजर या डॉक्टर स्वतः कर्करोगाने रुग्णालयात दाखल असताना त्यांच्या लक्षात आले की, उपचार करणारे आपले नावही सांगत नाहीत. 2013 साली त्यांनी 'हॅलो, माझे नाव अमुक' ही साधी मोहीम सुरू केली. मराठीत नुसते नाव सांगून भागणार नाही. सर्वनामही सांभाळावे लागेल. डॉक्टरने वारली म्हातारीला 'तुम्ही' म्हणावे, किंवा तिचा 'तू' आनंदाने स्वीकारून तिच्याशी 'तू'ने बोलावे. दोन्ही वाटा सारख्याच सन्मानाच्या आहेत. अट एवढीच की सर्वनाम दोन्ही बाजूंना एकच असावे.