हरवलेल्या बुद्धीची कथा : ‘चौकट राजा’ ते ‘यलो’

कथानकाला परिवर्तन लागते. बौद्धिक अक्षमता ही मात्र बहुधा आयुष्यभराची अवस्था असते. ही अडचण चित्रपटांनी कशी सोडवली हे पाहू गेल्यास एक सूत्र वारंवार आढळते. जी बुद्धी वेगळी आहे, तिला ‘हरवलेली’ ठरवले जाते. हरवलेले परत मिळू शकते, निदान त्याचा शोक तरी करता येतो. दोहोंतूनही कथानक आकाराला येते.

डॅनियल कीज यांच्या ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’वर आधारलेल्या ‘चार्ली’ (१९६८) या अमेरिकन चित्रपटात शस्त्रक्रियेने नायकाची बुद्धी वाढते आणि पुन्हा ओसरते. क्लिफ रॉबर्टसन यांना ऑस्कर मिळवून देणाऱ्या या भूमिकेचा कस लागतो तो दोन अवस्थांमधील अंतर दाखवण्यात.

संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’मध्ये (१९९१) बालपणीच्या अपघाताने नंदू मतिमंद होतो. पुढे बालमैत्रीण त्याला पुन्हा भेटते. तिच्या स्मृतीतला मुलगा आणि समोरचा पुरुष यांतील तफावत हेच चित्रपटाचे भावकेंद्र होय. दिलीप प्रभावळकर यांच्या संयत अभिनयामुळे नंदू हास्याचा विषय होत नाही, हे या चित्रपटाचे मोठे श्रेय. तथापि प्रेक्षकाची करुणा आहे त्या नंदूपेक्षा ‘जो झाला असता’ त्या नंदूकडे अधिक वळते.

राकेश रोशन यांच्या ‘कोई... मिल गया’मध्ये (२००३) नायकाच्या जन्मापूर्वीच्या अपघाताची भरपाई परग्रहवासी करतो. शोकाची जागा चमत्कार घेतो. गृहीतक तेच राहते.

महेश लिमये यांच्या ‘यलो’मध्ये (२०१४) ते मोडते. डाउन सिंड्रोम ही गुणसूत्रांशी निगडित जन्मजात अवस्था असल्याने येथे हरवण्यापूर्वीचे रूपच नाही. जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी त्यात स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. नटाच्या अनुकरणकौशल्याला दाद देण्याची प्रेक्षकाची सवय येथे निरुपयोगी ठरते. त्याला व्यक्तीकडेच पाहावे लागते. मात्र स्वीकाराची अट येथेही सुटलेली नाही. हरवलेल्या बुद्धीच्या जागी कमावलेले यश आले, इतकेच.

१९९५च्या केंद्रीय कायद्यातील ‘मतिमंदत्व’ या कोटीच्या जागी २०१६च्या कायद्याने ‘बौद्धिक अक्षमता’ ही संज्ञा योजली. संज्ञा कायद्याने बदलते. कथनाची रीत तशी बदलत नाही. म्हणून अभिनय किती हुबेहूब, एवढ्यावर समीक्षेने थांबणे पुरेसे नाही. ज्याने काही गमावलेले नाही आणि काही जिंकलेलेही नाही, अशा माणसाचा साधा दिवस कथेच्या केंद्रस्थानी येऊ शकतो का, हा प्रश्न तिने विचारला पाहिजे. तो दिवस पडद्यावर येईपर्यंत ही माणसे कथेत असतील, पण कथा त्यांची असणार नाही.