सडी फौज आणि तिचे ओझे : मराठ्यांच्या लष्करी हालचालींचा एक पुनर्विचार

प्रस्तावना

मराठीत ‘सडा’ म्हणजे एकटा, ज्याच्या मागे कोणतेही लटांबर नाही असा. ‘सडाफटिंग’ हा शब्द आज आपण बहुधा अविवाहितापुरता वापरतो. मराठेशाहीच्या कागदपत्रांत मात्र ‘सडी फौज’ हा लष्करी व्यवहारातील नित्याचा शब्द आहे. तंबू, जड तोफा, कुटुंबकबिला, बाजार यांपैकी काहीही बरोबर न घेता केवळ घोडा, हत्यार आणि खोगिराला बांधता येईल तेवढाच शिधा घेऊन निघालेले स्वार म्हणजे सडी फौज. मागे ठेवले जाई ते ‘बुणगे’. त्यात सामान येई आणि सामानाबरोबरची माणसेही येत : बाजारकरी, नोकरचाकर, मोतद्दार, बायका-मुले. पुढे या शब्दाचा ‘बाजारबुणगे’ झाला आणि तो शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

एका शब्दाच्या वाट्याला कौतुक आणि दुसऱ्याच्या वाट्याला तिरस्कार यावा, हे आपल्या इतिहासलेखनाच्या वळणाला धरूनच आहे. सडेपणा हे मराठ्यांच्या यशाचे आणि बुणगे हे त्यांच्या अपयशाचे कारण, अशी सोयीची मांडणी पाठ्यपुस्तकांपासून व्याख्यानांपर्यंत सर्वत्र आढळते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, सडी फौज ओझ्यावाचून कधीच नव्हती. तिचे ओझे दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर असे. ते कोणाच्या पाठीवर होते, हे पाहिल्याखेरीज त्या वेगाचे मूल्यमापन पुरे होत नाही.

मोगली छावणी

तुलनेसाठी प्रथम प्रतिपक्षाकडे पाहणे आवश्यक आहे. औरंगजेबाची दक्षिणेतील छावणी हे एक चालते शहर होते. जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाने १६९५ मध्ये गलगले येथे ती पाहिली आणि तिच्या विस्ताराने व बाजारांच्या संख्येने तो थक्क झाला. बादशहाचे व बड्या सरदारांचे डेरे दुहेरी असत. एका मुक्कामावर एक संच उभा असताना दुसरा पुढील मुक्कामी रवाना होई. या आगाऊ जाणाऱ्या सरंजामास ‘पेशखाना’ म्हणत.

संताजी घोरपडे यांनी नेमके हेच मर्मस्थान हेरले. १६९५ च्या अखेरीस कर्नाटकात कासीमखानाचा पेशखाना पुढे निघाला असता त्यांनी तो लुटला. तो वाचविण्यासाठी खानाची माणसे धावली आणि तोवर मूळ छावणीवर दुसरी तुकडी तुटून पडली. खानास दोड्डेरीच्या लहानशा गढीत आश्रय घ्यावा लागला. तेथे उपासमार झाली, अखेर जबर खंडणी देऊन मोगलांनी सुटका करून घेतली आणि कासीमखान तेथेच मरण पावला. सामान हेच शत्रूचे लक्ष्य होऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

चिपळूणची छावणी

आता मराठ्यांच्या बाजूचा हिशेब पाहू. शिवाजी महाराजांच्या लष्करी व्यवस्थेचे वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाने केले आहे. पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्यानंतर मुलूखगिरी, असा वर्षाचा क्रम. फौजेत बायको, बटीक वा कळवंतीण नेण्यास सक्त मनाई आणि उल्लंघनास शिरच्छेदाची शिक्षा. निघताना प्रत्येकाजवळील वस्तूंची याद होई, परतल्यावर झाडा घेतला जाई आणि अधिक निघेल ते सरकारजमा होई. सभासद आणखी एक बारीक गोष्ट नोंदवितो : परमुलखात गाय धरू नये, बैल धरला तर ओझ्यापुरताच धरावा. म्हणजे परतीच्या वाटेवर ओझे असणार, हे गृहीत होते आणि ते वाहणारा बैल परमुलखातील कुणब्याचा असणार, हेही.

तथापि या व्यवस्थेचे खरे रहस्य मोहिमेत नसून छावणीत आहे. चिपळूण येथील छावणीच्या अधिकाऱ्यांस महाराजांनी पाठविलेले पत्र सर्वश्रुत आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, एवढ्यापुरतेच ते व्याख्यानांतून उद्धृत होते, हे त्या पत्राचे दुर्दैव. वास्तविक ते गवत आणि दाणा यांच्या अंदाजपत्रकाचे पत्र आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा, वैरण आताच उधळली तर पुढे काही मिळणार नाही, घोडी मरतील, मग लोक कुणब्यांकडून दाणा, गवत, लाकूड, भाजी ओढून आणू लागतील आणि रयतेस तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्यातील युक्तिवाद आहे. पेटत्या दिव्याची वात उंदीर पळवील आणि गवताच्या गंजी भस्मसात होतील, इतक्या बारकाव्यापर्यंत ते जाते.

हा आशय नीतीच्या उपदेशापेक्षा वेगळा आहे. स्वार सडा राहावा यासाठी त्याचे ओझे राज्याने उचललेले असले पाहिजे : गडावरील कोठारांत, छावणीतील गंजींत, पागेच्या हिशेबात. राज्याने ते उचलले नाही तर कुणबी उचलतो. या पत्रलेखकास हे जितके स्पष्ट दिसत होते, तितके पुढील पिढ्यांना दिसले असे म्हणता येत नाही.

ज्वारीची कणसे

पहिल्या बाजीरावांच्या काळात सडेपणास कलेचे रूप आले. १७२७-२८ च्या मोहिमेत निजाम पुण्याच्या रोखाने उतरला असता बाजीरावांनी पुणे राखण्याऐवजी वऱ्हाड, खानदेश, गुजरात असा विस्तीर्ण फेरा मारून औरंगाबादचा रोख धरला. पाठलागाच्या घाईत निजामास जड तोफखाना मागे टाकावा लागला आणि फेब्रुवारी १७२८ अखेर पालखेडजवळ पाण्यावाचून तो कोंडला गेला. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. १७३७ च्या मार्चमध्ये बुणगे बुंदेलखंडात ठेवून, वाटेतील मोगली फौजांना बगल देऊन बाजीराव दिल्लीच्या वेशीवर प्रकटले. या धाडसामागे छत्रसालाच्या घराण्याशी १७२९ पासून जुळलेले संबंध होते, हे सहसा सांगितले जात नाही. बुणगे ठेवण्यास विश्वासाची जागा असल्याखेरीज सडे होता येत नाही.

याच काळाशी निगडित एक दंतकथा प्रसिद्ध आहे. बाजीरावांचे चित्र काढण्यास पाठविलेल्या चित्रकाराने त्यांना घोड्यावर, लगाम सैल सोडलेला, भाला खांद्यावर आणि हाताने ज्वारीची कणसे चोळून दाणे खात असलेले रंगविले. कथा खरी असो वा नसो, तिने मराठी मनात घर केले आहे. वर्गात ती सांगितली की विद्यार्थ्यांचे चेहरे उजळतात. एका वर्षी मागच्या बाकावरील शेतकरी कुटुंबातील एका मुलाने विचारले, “सर, कणसं कुणाच्या रानातली?” वर्ग हसला. मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही, आणि हा लेख त्या प्रश्नातूनच निघाला आहे.

एका स्वाराने चार कणसे घेतली तर शेताचे काही जात नाही. हजारो स्वार आणि त्यांची घोडी हुरड्याच्या दिवसांत एकाच पट्ट्यातून गेली तर त्या गावांचे वर्ष जाते. या प्रश्नाचे उत्तर सर्वांत स्पष्ट मिळते ते बंगालमध्ये. १७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा तेथे उतरल्या. स्वतःचा घोडा नसलेल्या, सरकारी वा सरदाराच्या घोड्यावर नोकरी करणाऱ्या स्वारास आपण ‘बारगीर’ म्हणतो. बंगालीत त्याचा ‘बर्गी’ झाला आणि तो मुलांना निजविताना भीती घालण्याचा शब्द ठरला. गंगाराम या समकालीन कवीच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त गावे सोडून पळणाऱ्या सर्व जातींच्या लोकांचे वर्णन आहे. कलकत्त्याच्या रहिवाशांनी तर खंदक खणण्यास घेतला. १७५१ च्या तहान्वये सालिना बारा लाख रुपये चौथाई ठरली. घराण्याच्या दप्तरात ही रक्कम जमेस धरली गेली. खर्चाची बाजू बंगालच्या अंगाईगीतात राहिली.

पानिपतचे बुणगे

या पार्श्वभूमीवर १७६०-६१ कडे पाहावे. सदाशिवरावभाऊंबरोबर इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता, कबिले होते आणि उत्तरेतील तीर्थे करण्यासाठी निघालेले यात्रेकरूही होते. जड सामान व कुटुंबे मागे ठेवून सडे लढावे, असा सल्ला मल्हारराव होळकर व सूरजमल जाट यांनी दिल्याचे काशीराजाच्या वृत्तांतात आणि बखरींत येते. भाऊंनी तो मानला नाही. येथून सर्व दोष बुणग्यांवर टाकण्याची प्रथा सुरू होते.

प्रस्तुत लेखकास ही मांडणी अपुरी वाटते. एकतर, तोफखाना आणि गनिमी कावा ही दोन्ही एकत्र नांदत नाहीत. तोफा नेण्याचे ठरले तेव्हाच सडेपणाचा प्रश्न निकाली निघाला होता. दुसरे, यात्रेकरूंच्या बाजूने कोणी विचार केलेला नाही. काशी-प्रयागाची वाट धरणाऱ्या गरीब माणसाजवळ ना शस्त्र, ना वाटखर्च. त्याच्या दृष्टीने फौज हेच संरक्षण होते. तो लष्कराचे ओझे होता तसाच स्वतः जवळजवळ काहीही न घेता निघालेला प्रवासी होता. सडा स्वार जसा मुलखाच्या जिवावर, तसाच तो फौजेच्या जिवावर.

आणि पानिपतावर फौज कोंडली गेली ती रसद तुटल्यामुळे. नोव्हेंबर १७६० पासून दोन-अडीच महिने एका जागी बसलेल्या छावणीस भोवतालचा मुलूख पुरला नाही. रसदीची भिस्त ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी बाहेर पडलेले सैन्य उपाशी होते. चिपळूणच्या पत्रात वर्तविलेली अवस्था, दाणा संपल्यानंतरची, येथे शब्दशः दिसते. फरक एवढाच की ओढून आणण्यास जवळपास कुणबीही उरला नव्हता.

वंजाऱ्यांचे तांडे

या सर्व काळात खरे ओझे वाहणारा वर्ग होता तो वंजाऱ्यांचा, लमाणांचा. बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोणी लादून त्यांचे तांडे मोगल, मराठे, निजाम, इंग्रज सर्वांच्या छावण्यांपर्यंत पोचत. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने ज्या वेगाने दख्खनमध्ये हालचाली केल्या, त्यामागे आधी हाती घेतलेला अहमदनगरचा किल्ला, निवडक बैलांची जोपासना आणि याच तांड्यांकडून मिळविलेले धान्य होते. असईस शिंद्यांचे कवायती सैन्य तोफांनी जड झालेले आणि इंग्रज सेनापती बाडबिस्तरा मागच्या मुक्कामी ठेवून आलेला, असे चित्र दिसते.

पुढे लोहमार्ग आले, तेव्हा गोणीच्या बैलांचा धंदा बसला. ज्या जमातीच्या पाठीवर दोन शतके दख्खनच्या फौजा हलक्या झाल्या होत्या, तिच्यातील काही समूह १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कक्षेत आणले गेले आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यासाठी त्यांना पोलिसांचा परवाना लागू लागला.