डफ तापतोय, पुढे सरका

ट्राम पूर्ण थांबायची वाट बघू नका, इथे कुणीच बघत नाही. दांडा सोडा, उडी मारा आणि मागून येणाऱ्याच्या कोपरापासून बरगड्या सांभाळा. तुम्ही परळला उतरला आहात. साल १९४४, डिसेंबरची संध्याकाळ. थंडी म्हणावी तर आहे, पण गिरणीच्या भिंतीलगत चाललात की तीही पळते. झरोक्यांतून तेलाचा, वाफेचा आणि ओल्या सुताचा उबट भपकारा थेट तोंडावर येतो. त्यात कुठल्याशा चाळीतून तव्यावरच्या बोंबलाचा वास मिसळला की पोटात एकदम खड्डा पडतो. जेवायचं मात्र नंतर. खाणावळीत आज रेशनचा तांदूळ आहे आणि त्यातले खडे निवडायला बाईंना अजून वेळ लागणार आहे.

दिवसपाळी सुटली आहे. फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडतोय. केसांत, भुवयांत, मिशांत कापसाचे तूस, त्यामुळे पंचविशीतली पोरंही म्हातारी दिसतात. सगळे ओरडून बोलताहेत. भांडण नाही, साचेखात्यातली, म्हणजे मागांवरची माणसं आहेत ही. दिवसभर शेकडो साच्यांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान निम्मे गेले आहेत. आत तर ती एकमेकांच्या ओठांकडे बघूनच बोलतात. हे ध्यानात ठेवा, कारण थोड्या वेळाने जो शाहीर गाणार आहे त्याला याच कानांपर्यंत पोचायचं आहे.

आणि विणताहेत काय? खाकी. थानच्या थान. लढाई युरोपात आणि ब्रह्मदेशात चालू आहे, पण तिचा सदरा इथून जातो.

रस्ता ओलांडताना वर बघा. ब्लॅकआऊटसाठी खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद काही ठिकाणी अजून खरवडलेले नाहीत. गोदीतल्या एप्रिलच्या स्फोटाची आठवण मात्र काढू नका. एकदा विषय निघाला की प्रत्येकजण त्या दुपारी आपण कुठे होतो हे सांगितल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाही.

कोपऱ्यावर एक पोरगं ‘किस्मत’मधलं कवी प्रदीपांचं गाणं म्हणत गोट्या खेळतंय, परक्यांना घराबाहेर व्हायला सांगणारं. सेन्सॉरने ते सोडलं, कारण त्यात जर्मनी आणि जपानची नावं होती. थेटरातल्या पब्लिकने मनातल्या मनात तिसरंच नाव घातलं आणि टाळ्या पिटल्या. सरकारी प्रचाराचं हे असं होतं. सिनेमाआधी ‘इंडियन न्यूज परेड’ दाखवणं सक्तीचं आहे, त्यात पलटणीचा बँड छाती फुगवून वाजतो आणि तेवढ्यात निम्मं थेटर बाहेर विडी ओढून येतं. सक्तीच्या गाण्यावर पाय हलत नाहीत, एवढी साधी गोष्ट दिल्लीतल्या साहेबाला कुणी सांगितली नसावी.

आता समोरच्या मैदानात शिरा. इथे सक्ती नाही. तिकीटही नाही. तरी जागा मिळवायला ढकलाढकली चालली आहे.

“अरे मेल्या, बस खाली! मागच्यांका दिसना नाय!” हे तुम्हालाच. बसा. जमीन गार आहे, पण दोन मिनिटांत दोन्ही बाजूंनी मांड्या येऊन चिकटतील आणि ऊब येईल. डावीकडे मालवणी, उजवीकडे सातारी. सातारी काकांच्या हातात सकाळचं वर्तमानपत्र आहे, चार जणांनी वाचून मऊ पडलेलं. त्यांचा पुतण्या मराठा पलटणीत आहे, इटलीत. त्याच पलटणीचे यशवंत घाडगे जुलैत तिथे पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. काका ती बातमी नीट सांगतात, मग पुतण्याचं पत्र दोन महिने आलं नाही हे हळूच पुढे जोडतात. “इटली म्हंजी तरी कुठशी आली, पाव्हणं?” तुमच्या खिशात नकाशा असता तर बरं झालं असतं.

समोर चार फळ्यांचं व्यासपीठ आणि दोन गॅसबत्त्या. एक बत्ती मधूनमधून भडकते, मग कुणीतरी तिला पंप मारून शांत करतं. व्यासपीठाच्या बाजूला जाळ दिसतोय ना? तिकडे बघत राहा. रद्दी पेटवून एकजण त्यावर डफ फिरवतोय. मुंबईच्या दमट हवेत कातडं ढिलं पडतं, ते शेकून ताणून घ्यावं लागतं. तो बोटाने टिचकी मारतो: ढप्प. पुन्हा जाळावर. टिचकी: डब्ब. अजून थोडं. गर्दी या टिचक्या ऐकत गप्प होत जाते. मग एकदा कडक ‘टण्ण’ येतो आणि मागून कुणीतरी शीळ घालतं.

हे लाल बावटा कलापथक, याच वर्षी उभं राहिलेलं. तुणतुणं, झांज, ढोलकी, डफ आणि माणसं, बस्स. तो किरकोळ अंगाचा सावळा तरुण अण्णा भाऊ साठे. वाटेगावचा. शाळा दीड दिवसाची, राहायला माटुंग्याचा लेबर कॅम्प. त्याच्याशेजारी दत्ता गव्हाणकर. आणि तो रुंद छातीचा अमर शेख, बार्शीकडचा, ज्याला ध्वनिक्षेपक दिला काय आणि नाही दिला काय, सारखंच.

पहिलं नमन होतं आणि सातारी काका तुमच्याकडे बघतात, कारण ते गणपतीला नाही, मायभूमीला आहे. काकांचा हात सवयीने कपाळाकडे निघालेला असतो. तो अर्ध्यावर अडखळतो आणि मग तिथेच टेकतो. मायभूमी तर मायभूमी.

लगेच मागून आवाज येतो: “बेचाळीसला कुठं होतात?”

सभा हलते. टोचणारा प्रश्न आहे. या मैदानावर बसलेल्या कित्येकांच्या घरचं कुणी ना कुणी बेचाळीसच्या ‘चले जाव’मध्ये तुरुंगात गेलं आहे आणि व्यासपीठावरची ही कम्युनिस्ट मंडळी त्या वेळी ‘हे लोकयुद्ध आहे’ म्हणत वेगळी उभी राहिली. हा वाद तुम्ही आज मिटवू शकत नाही, नादी लागू नका. नीट बघण्यासारखं आहे ते हे, की व्यासपीठावरून त्याला कुणीही उत्तर देत नाही. डफावर थाप पडते. अमर शेख मान वर करून सूर लावतो आणि तो आवाज तुमच्या कानात नाही, बरगड्यांत घुसतो. साच्यांनी बधिर झालेल्या कानांनाही हा ऐकू जातो. आजूबाजूच्या मोठमोठ्याने बोलणाऱ्या माणसांचे चेहरे एकदम सैल पडतात, कारण ऐकण्यासाठी आता त्यांना कष्ट करावे लागत नाहीत.

पोवाडा स्टॅलिनग्राडचा आहे, अण्णा भाऊंनी रचलेला. दोनेक वर्षांपूर्वी व्होल्गेकाठच्या त्या शहरात घराघरातून, जिन्याजिन्यावरून लढाई झाली आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये वेढा घालणारेच वेढ्यात सापडून शरण आले. आता तुम्हीच सांगा, इथे बसलेल्या किती जणांनी बर्फ पाहिला आहे? पण शाहिराचं सामान जुनं आणि भरवशाचं आहे. अफझलखानवधाचा पोवाडा अज्ञानदासाने रचला, तानाजीचा तुळशीदासाने, आणि त्या वाटेवर मराठी कान तीनशे वर्षं चालून तयार झाला आहे. शत्रू दांडगा, आपण थोडके, हल्ला रात्रीचा, आणि नेमक्या कड्यावर डफ थांबतो. त्या थांबण्यात तुमचाही श्वास थांबतो. पुढे व्होल्गा असो की सिंहगडाचा कडा, छातीला फरक कळत नाही. लाल सेनेचा शिपाई तिसऱ्या कडव्यापर्यंत मावळा झालेला असतो.

“स्टॅलिनग्राड साताऱ्याच्या अलीकडं का पलीकडं?” मागून एक म्हातारबुवा खरोखरच विचारतात.

“पलीकडं. गप ऐका, आबा.”

आणि मग झीलकरी उचलतात. जी जी रं जी! पहिल्यांदा व्यासपीठावरचे चौघे म्हणतात. दुसऱ्यांदा पुढच्या रांगा. तिसऱ्यांदा वाइंडिंग खात्यातल्या बायका, ज्या वेगळ्या घोळक्याने बाजूला उभ्या आहेत आणि ज्यांचा सूर पुरुषांपेक्षा पक्का आहे. चौथ्यांदा कोण म्हणालं? तुम्ही. नाही म्हणू नका, मालवणी बुवांनी तुमच्याकडे वळून बघितलं आहे. स्टॅलिनबद्दल तुम्हाला पुढचं बरंच काही ठाऊक आहे, पुस्तकं वाचली आहेत, मतं बनवली आहेत. तरी ‘जी जी’ म्हणून झालं. होकार आधी दिला, कशाला दिला ते नंतर बघू. पलटणीच्या बँडला हे जमत नाही, तो तुम्हाला नुसता ऐकणारा ठेवतो. पोवाडा तुम्हाला कामाला लावतो. मला विचाराल तर प्रचाराचं याहून धारदार हत्यार या लढाईत दुसरं नसेल, आणि त्याला लागतं काय, तर एक बकऱ्याचं कातडं आणि थोडी रद्दी.

यातलं किती खरं आणि किती फुगवलेलं, हे मैदानावर कुणी विचारत नाही. विचारायला उसंतच मिळत नाही, कारण पुढचं कडवं अंगावर आलेलं असतं. या हत्याराला सत्ताधारी घाबरतात ते यासाठीच. याच माणसांच्या तमाशांवर पुढे स्वराज्यातलं सरकारही बंदी घालणार आहे. आणि त्यानंतर संयुक्त महाराष्ट्रासाठी हेच डफ, हेच गळे मुंबईभर घुमणार आहेत. पण हे शेजाऱ्याला सांगू नका. त्याला आत्ता रातपाळीच्या बदलीची काळजी आहे.

घामाचा, विडीचा, रॉकेलचा वास दाटलाय. लय उतरते. आता दुसरा विषय, बंगालचा. तिकडच्या दुष्काळात लाखो माणसं मेली आहेत. इथे आवाज चढत नाही. डफ बाजूला, नुसतं तुणतुणं. तुमच्या शेजारच्या काकांनी सकाळी रेशनच्या रांगेत दोन तास काढले आहेत, भूक म्हणजे काय हे त्यांना समजावून द्यावं लागत नाही. लढाईच्या पोवाड्याने गरम झालेल्या माणसाच्या खिशात हात घालायला ही वेळ अचूक निवडलेली आहे. त्यात कपट आहे का? थोडं आहे. बंगालला तांदूळ हवा आहे का? तोही हवा आहे.

झोळी फिरते. तुम्ही चाचपता आणि हाताला भोकाचा पैसा लागतो. तांबं लढाईला लागतंय म्हणून सरकारने पैशाच्या मध्यातूनच ते काढून घेतलंय. सुट्ट्यांची इतकी टंचाई आहे की हॉटेलवाले चिठ्ठ्या देतात, तेव्हा टाकाल ते विचार करून टाका. बायका न बघता टाकतात. काका वर्तमानपत्राची घडी घालतात, धोतराच्या सोग्यातून एक आणा सोडवतात, टाकतात आणि नाक शिंकरतात.

झोळी मागच्या रांगेत पोचते, बेचाळीसवाल्याजवळ. टोपी पांढरीशुभ्र, चेहरा ताठ. त्याने पोवाडाभर ओठ मिटून धरले होते, पण त्याचा अंगठा गुडघ्यावर काय करत होता ते तुम्ही पाहिलं आहे. तो खिशातून दोन आण्याचं नाणं काढतो.

“हे बंगालला. तुमच्या बावट्याला नाही. कळलं?”

“कळलं, दादा.”

“आणि एक आणा परत दे.”

झोळीवाला पोरगा हसत नाही. गॅसबत्तीखाली झोळी उघडतो, चाचपून भोकाचे पैसे काढतो आणि त्याच्या तळहातावर ठेवतो. मागची रांग खोळंबते, कुणीतरी ओरडतं. टोपीवाला शांतपणे एकेक पैसा उजेडात धरून मोजतो आणि म्हणतो, “एक कमी आहे.”