गणपतीतली ती दुपार : शनिवारवाडा, ३० ऑगस्ट १७७३

२८५ दिवस आधी, थेऊर

१८ नोव्हेंबर १७७२. चिंतामणीच्या देवळाच्या आवारात माधवराव पेशवे क्षयाने गेले. वय अवघे २७. रमाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. मूल नव्हते. राहिला धाकटा भाऊ नारायणराव, सतरा वर्षांचा, आणि राहिले काका रघुनाथराव, म्हणजे दादासाहेब.

या काकांची बाजू आधी समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचे सारे नुसत्या दुष्टपणाची गोष्ट होऊन बसते. थोरल्या बाजीरावांचा हा मुलगा. १७५८ साली मराठी फौजा याच्या हाताखाली पंजाबात उतरल्या होत्या. पानिपतानंतर १७६१ मध्ये पेशवाईची वस्त्रे सोळा वर्षांच्या पुतण्याला, माधवरावांना मिळाली आणि दादासाहेब बाजूला राहिले. १७६८ च्या जूनमध्ये धोडपला त्यांनी उघड लढाई दिली, हरले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले. आता दुसऱ्यांदा वस्त्रे पुतण्याकडेच चालली होती. मरणापूर्वी माधवरावांनी धाकट्या भावाचा हात काकांच्या हाती दिला, असे बखरकार सांगतात. त्या क्षणी दादासाहेबांचे मन खरेच हेलावले असेल, यावर माझा विश्वास आहे. पण हेलावलेल्या मनावर राज्याचा बंदोबस्त उभा राहत नाही.

२६० दिवस आधी, सातारा

१३ डिसेंबर १७७२. छत्रपती रामराजांकडून नारायणरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. सखारामबापू बोकील कारभारी, फडावर नाना फडणीस. रिवाज सगळा यथासांग झाला. वस्त्रांनी हक्क मिळाला. तो हक्क चालवायला मात्र चार गोष्टी लागत होत्या: कारभाऱ्यांची निष्ठा, सरदारांचा भरवसा, फौजेचा पगार आणि स्वतःच्या वाड्याच्या दारांवर आपली माणसे. यातली एकही वस्त्रांबरोबर येत नव्हती. माधवरावांनी ती एकेक करून मिळवली होती, आणि त्यांनाही त्यासाठी कित्येक वर्षे लागली. नारायणरावांना तेवढा अवधी मिळाला नाही. होता तोही त्यांनी माणसे दुखावण्यात घालवला, हे नाइलाजाने लिहावे लागते. बोलण्यात तापट, निर्णयात घायकुते. बापूंसारख्या मुरलेल्या कारभाऱ्याशी त्यांचे कधी सूत जुळले नाही.

१४१ दिवस आधी, पुणे

वर्षाच्या सुरुवातीला नारायणराव नाशिकजवळ गंगापूरला मातोश्री गोपिकाबाईंना भेटायला गेले. इकडे दादासाहेबांनी फौज जमवायला सुरुवात केल्याच्या बातम्या येऊ लागल्या. परत येताच, ११ एप्रिल १७७३ ला, नारायणरावांनी काकांना पुन्हा कैदेत टाकले.

कैद करणे चूक नव्हते. माधवरावांनीही तेच केले होते. कैद कुठे ठेवायची, हा खरा प्रश्न होता. साताऱ्याला, पुरंदरला किंवा आणखी एखाद्या दूरच्या गडावर विश्वासू किल्लेदाराच्या ताब्यात दादासाहेब असते, तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती, असे मला ठामपणे वाटते. त्यांना ठेवले शनिवारवाड्यातच. गादीवरचा पेशवा आणि गादीवर हक्क सांगणारा एकाच तटाच्या आत, एकाच पहाऱ्याच्या भरवशावर.

आणि पहारा होता गारद्यांचा. इब्राहिमखान गारद्याच्या वेळेपासून मराठी फौजेत ही कवायती पायदळाची पलटणे होती. बंदूक चालवण्यात तरबेज, शिस्तीत पक्की. पण वतन नाही, गाव नाही, पेशव्यांच्या घराशी पिढ्यांचे नाते नाही. त्यांना धन्याशी बांधणारी गोष्ट एकच, वेळेवर हातात पडणारा पगार. १७७३ च्या पावसाळ्यात तो थकला होता.

ऑगस्टचे दिवस

दादासाहेबांचा निसटण्याचा एक प्रयत्न फसला आणि बंदोबस्त आणखी आवळला गेला. त्याच सुमारास नागपूरकर भोसल्यांच्या घरातले, साबाजी आणि मुधोजी या भावांमधले भांडणही पुण्यात येऊन पोचले होते. पेशव्यांनी साबाजीची बाजू घेतल्याने मुधोजीचे वकील, व्यंकटराव आणि लक्ष्मण काशी हे गुप्ते बंधू, दादासाहेबांच्या बाजूला झुकले. दादासाहेबांचा सेवक तुळाजी पवार गारद्यांच्या जमादारांकडे जाऊ-येऊ लागला: सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ. थकलेल्या पगाराची तक्रार आणि कोंडलेल्या काकांची ईर्षा एका ठिकाणी आली.

कागदावर काय ठरले होते? नारायणरावांना धरायचे. तेच पुढे मारण्यात कसे बदलले, याचा सगळा बोल दादासाहेबांच्या पत्नी आनंदीबाईंवर ठेवणारी कथा घरोघर सांगितली जाते. तिच्यावर मी रेंगाळत नाही. त्या कथेचा मोठा दोष असा, की तिच्या आडून बाकी सगळे सुटतात: मसलत करणारे पुरुष, पगार थकवणारा फड आणि कानावर आलेले दुर्लक्षिणारे कारभारी.

३० ऑगस्ट, सोमवार, सकाळ

भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. वाड्यात गणपती बसलेले, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. उत्सवाची वर्दळ, ये-जा करणाऱ्यांना कोण हटकणार!

रघूजी आंग्रे पुण्यात आले होते. त्यांच्या भेटीला नारायणराव सकाळी गेले, सोबत हरिपंत फडके. आंग्र्यांनी सावध केले: गारद्यांत काहीतरी शिजते आहे, जिवाला जपा. कुलाब्याहून आलेल्या पाहुण्याच्या कानावर जे गेले, ते पेशव्यांच्या स्वतःच्या कारभाऱ्यांना ठाऊक नसावे, हे मला पटत नाही.

पेशव्यांनी हरिपंतांना बंदोबस्त करायला सांगितले. हरिपंतांनी होकार दिला आणि ते ठरलेल्या निमंत्रणाला जेवायला गेले. जेवण झाल्यावर बघू. पुढे याच हरिपंतांनी हयातभर मराठी फौजा चालवल्या, मोठमोठ्या मोहिमा निभावल्या. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. म्हणूनच ते जेवण जास्त सलते. त्या सकाळी वाड्याच्या दारांवर शंभर भरवशाचे मावळे आणून उभे करायला किती वेळ लागला असता?

दुपार, सुमारे १

नारायणराव वाड्यात परतून विश्रांती घेत होते. वय १८ वर्षे आणि २० दिवस.

काका-पुतण्यांची ये-जा वेगळी व्हावी म्हणून वाड्यात नव्या दाराचे काम काढले होते, जुने पाडून झाले होते, अशी नोंद ग्रँट डफने केली आहे. संरक्षणासाठी काढलेले ते काम अर्धवट होते. गारदी तिथून आत शिरले, पगारासाठी आरडाओरडा करीत. अडवणाऱ्या कारकुनांवर आणि सेवकांवर तलवारी चालल्या. इच्छारामपंत ढेरे गोठ्याच्या बाजूला धावले. तिथे ते पडले आणि एक गायही पडली. गणपतीच्या दिवसांत, ब्राह्मण पेशव्याच्या वाड्यात गोहत्या. या एका गोष्टीने पुण्यावर किती मोठा घाव बसला असेल, याची आज आपल्याला नीट कल्पनाही करता येत नाही.

गलबला ऐकून नारायणराव उठले. हाताशी शस्त्र नाही. आधी धावले ते पार्वतीबाई काकूंकडे, पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नीकडे. त्या काय करणार? दादासाहेबांकडे जा, ते वाचवतील, असे त्यांनी सांगितले. तो मुलगा काकांच्या दालनात गेला आणि त्यांच्या गळ्याला मिठी मारली. मला कैदेत ठेवा, राज्य तुम्ही करा, पण जीव वाचवा, अशी विनवणी केली.

दादासाहेबांनी गारद्यांना थांबवण्याचा प्रयत्न केला, असेही काही वृत्तांतांत आहे. केला असेलही. पण त्या घटकेला सुमेरसिंगापुढे त्यांचा शब्दही पुतण्याच्या शब्दाइतकाच निकामी झाला होता. धन्यावर हत्यार उपसलेल्या शिपायाला तो धनी जिवंत सोडणे परवडत नाही. तुळाजी पवाराने पाय धरून नारायणरावांना ओढले. चापाजी टिळेकर या सेवकाने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिले. दोघांवर एकदमच तलवारी पडल्या.

अर्ध्या तासाच्या आत वाड्यात अकरा माणसे मेली. त्यात दोन दासीही होत्या. चापाजीचे नाव तरी राहिले. त्या दोघींची नावे कोणाच्या तोंडी नाहीत.

दुपार ते संध्याकाळ

वाड्याची दारे बंद झाली. बाहेर शहरात कुणाला काही कळेना. कारभारी कोतवाल चावडीवर जमले: सखारामबापू, हरिपंत आणि आणखी मंडळी. फौज जमवून वाड्यावर चालून जावे, तर आत पेशवे जिवंत आहेत की नाहीत, ते ठाऊक नाही. आतून निरोप आला तेव्हा सगळे उरकले होते. शहरात दादासाहेबांच्या नावाची द्वाही फिरली.

रात्र

अंधार पडल्यावर देह बाहेर काढून नदीकाठी गुपचूप दहन केले. ज्या दाराने नेला, त्याला पुढे नारायण दरवाजा म्हणू लागले, असे सांगतात. पत्नी गंगाबाईंना दिवस गेलेले होते.

त्यानंतर

आता गादी सांभाळायची पाळी दादासाहेबांची होती. वाडा गारद्यांच्या हातात होता आणि ते ठरलेली रक्कम मागत होते. १० ऑक्टोबरला आळेगावच्या मुक्कामी साताऱ्याची वस्त्रे दादासाहेबांना पोचली. रिवाज याही वेळी यथासांग झाला. पण न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष थेट नव्या पेशव्यावर ठेवला, देहांत प्रायश्चित्त सांगितले आणि पद सोडले. पुण्यातल्या प्रत्येकाला आपल्या मनातले बोलणारा एक माणूस सापडला. दादासाहेब फौज घेऊन मोहिमेवर गेले. मागे बारभाईंनी, म्हणजे त्यांच्याविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, राजधानी हळूहळू ताब्यात घेतली. दादासाहेबांनी घेतली नाही ती खबरदारी त्यांनी पहिल्यांदा घेतली. १७७४ च्या जानेवारीत गंगाबाईंना पुरंदरावर नेले.

२६ मार्चला पंढरपूरजवळ कासेगावला दादासाहेबांनी बारभाईंच्या बाजूने लढणाऱ्या त्रिंबकराव पेठ्यांचा पराभव केला. लढाई जिंकूनही ते पुण्यात शिरू शकले नाहीत. १८ एप्रिलला पुरंदरावर गंगाबाईंच्या पोटी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि २८ मे रोजी, चाळीस दिवसांच्या बाळाच्या नावाने पेशवाईची वस्त्रे आली. तोवर गड आणि फड बारभाईंकडे होते. दादासाहेबांनी मुंबईकर इंग्रजांशी बोलणी लावली. ६ मार्च १७७५ ला सुरतेला तह झाला आणि गादीसाठी साष्टी आणि वसई लिहून देण्यात आली.