भट्टीवरची दिवाळी

नानकटाईचा माग काढत गेले की वाट सुरतेला पोहोचते. तिथल्या डच वखारीसाठी पाव भाजणारी भट्टी पुढे पारशी हातांत आली, अशी कथा दोटीवाला घराण्याबद्दल सांगितली जाते. त्यांची बेकरी १८६१ सालची. पावाचे पीठ ताडीने आंबवत, म्हणून अनेकजण तो खात नसत. मैदा-तूप-साखरेच्या नानकटाईला ती अडचण नव्हती.

मुंबई-पुण्यात तिने दिवाळीच्या फराळात जागा पटकावली खरी, पण घरोघरी ओव्हन कुठे होते? मग मैदा, रवा, पिठीसाखर आणि तुपाचे नाहीतर डालड्याचे डबे घेऊन आई मुलांसह गल्लीतली बेकरी गाठायची. तूप-साखर फेसून पांढरीशुभ्र झाली की मैदा, वेलची, चिमूटभर सोडा. धाकट्याच्या वाट्याला एकच काम: गोळ्यावर चारोळी दाबायची. ती हमखास एका कडेला बसे! पत्र्याच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी, मग रांग. ट्रे बाहेर आला की आधी तडे पाहिले जात. तडा हा इथे दोष नव्हे, खुसखुशीतपणाची खूण.

घरात ओव्हन आले तशी रांग रोडावली. तरी काही जुन्या बेकऱ्या दिवाळीआधी लोकांचे सामान घेऊन नानकटाई अजून भाजून देतात.