खोकला ऐकावा की श्वास मोजावा?

मूल खोकू लागले, की घरातल्यांचे कान आवाजाकडे लागतात. कोरडा की ओला? डांग्या खोकला तर नव्हे? बालवैद्यकाचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास मात्र सांगतो, की न्यूमोनियाचा धोका आवाजापेक्षा श्वासाच्या वेगात आधी दिसतो.

जुन्या बायका ‘मुलाला डबा झाला, पोट उडतंय’ म्हणत. निरीक्षण खरे होते. उपाय मात्र पोटावर डाग देण्याचा. १९८४मध्ये पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या फ्रँक शॅन यांनी या निरीक्षणाला आकडा दिला : खोकणाऱ्या बाळाचा श्वास मिनिटाला ५०च्या वर गेला, तर एक्स-रेवाचूनही न्यूमोनिया धरून उपचार सुरू करता येतात.

पण मोजायचे कोणी? डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत हे काम आरोग्यसेवकांबरोबर गावच्या दाईवरही सोपवले. पन्नासपर्यंत मोजणे अनेकींना जमत नव्हते. म्हणून मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन तयार झाले. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी मर्यादा ६०. औषधही, को-ट्रायमोक्साझोल, गावातच ठेवले.

१९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरात या ५८ गावांत पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१ होते, तुलनेच्या ४४ गावांत १७.५. उपचार झालेल्या ६१२ रुग्णांपैकी दगावले ०.८ टक्के, तुलनेच्या भागात हे प्रमाण १३.५ टक्के होते.

अँटिबायोटिक दाईच्या हाती द्यावे का, हा प्रश्न विद्येइतकाच अधिकाराचाही होता. मण्यांनी त्याला उत्तर दिले.

पुण्याच्या बुधवार पेठेत दवाखाना आणि औषधाचे दुकान हाकेच्या अंतरावर. तिथे अडचण उलटी होऊ शकते : बाटली लगेच मिळते, मोजणे राहून जाते. साध्या सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक लागत नाही. ताप, रडणे, दमा यांनीही श्वास वाढतो. म्हणून मूल शांत असताना, पूर्ण मिनिट, अंगावरचे कपडे वर करून मोजायचे. छाती आत ओढली जात असेल किंवा मूल पीतच नसेल, तर थेट रुग्णालय गाठायचे.

गडचिरोलीच्या दाईने जे मिनिट दिले, ते शहरातल्या मुलाच्याही वाट्याला यायला हवे.