मुक्त शैक्षणिक साधने

मुक्त शैक्षणिक साधने : विनामूल्य वापरण्याची, प्रती काढण्याची, तसेच भाषांतर वा फेरफार करून पुन्हा वितरित करण्याची परवानगी कर्त्याने अगोदरच दिलेली पुस्तके, पाठ, चित्रे, संगणक-आज्ञावली इ. अध्ययनसामग्री. ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ मधील पॅरिस येथील बैठकीत रूढ झाली. त्याच वर्षी क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने प्रसिद्ध झाल्याने अशा परवानगीस निश्चित कायदेशीर रूप लाभले.

महागड्या महाविद्यालयीन पुस्तकांचा प्रश्न भारतात न्यायालयापर्यंत गेला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात अभ्यासक्रमानुसार उताऱ्यांच्या छायाप्रती विकल्या जात. त्याविरुद्ध तीन परदेशी प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये दावा लावला. लेखाधिकार अधिनियम, १९५७ यातील अध्यापनविषयक अपवादाच्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो फेटाळला. मात्र या अपवादाने प्रत मिळते. मजकूर बदलून तो प्रसृत करण्याचा अधिकार मिळत नाही.

विनामूल्य व मुक्त यांतील हा भेद शालेय स्तरावरही महत्त्वाचा आहे. १९६७ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके अल्प किंमतीची असून ती महाजालावर विनामूल्यही उपलब्ध झाली. तथापि त्यांचे हक्क मंडळाकडेच राहिले. कर्जत व खालापूर तालुक्यांतील ठाकर, कातकरी व धनगर वस्त्यांमधील मुलांची घरची बोली प्रमाण मराठीहून भिन्न आहे. तेथील शिक्षकाला पुस्तक स्वस्त मिळण्याइतकेच ते मुलांच्या बोलीत उतरविण्याचे स्वातंत्र्यही आवश्यक ठरते.

रायगड जिल्ह्याच्या या अंतर्भागातील खैराट–धनगरवाडा येथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ मध्ये या दिशेने एक प्रयोग झाला. निकोलस नेग्रोपाँटी यांनी २००५ मध्ये जाहीर केलेल्या ‘प्रत्येक मुलास एक संगणक’ या योजनेतील छोटे संगणक सु. वीस मुलांना देण्यात आले. केंद्र शासनाने ही योजना २००६ मध्ये नाकारली होती. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील जी. नागार्जुन यांच्या गटाचे प्रयोगास साहाय्य लाभले. संगणकांवरील ‘शुगर’ ही आज्ञावली मुक्त असल्याने तिचे मराठीकरण करण्यास कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. प्रयोगाचा राज्यव्यापी विस्तार झाला नाही. यंत्रांची दुरुस्ती, वीज व शिक्षकाचे प्रशिक्षण हे खर्च परवान्याने टळत नाहीत, ही अशा सर्वच उपक्रमांची मर्यादा होय.

पुढे १३ ऑगस्ट २०१३ रोजी केंद्र शासनाने मुक्त शैक्षणिक साधनांचे राष्ट्रीय भांडार सुरू केले. त्यासाठी याच केंद्राच्या प्रयोगशाळेतील ‘मेटास्टुडिओ’ या व्यासपीठाचा उपयोग झाला. साहित्य मूळ कर्त्याचा निर्देश करून व त्याच अटींवर पुढे देता येईल, असा परवाना त्यास लावण्यात आला. युनेस्कोने २०१९ मध्ये सदस्य राष्ट्रांना अशा साधनांच्या निर्मितीची शिफारस केली. बोलीभाषांत मात्र ही साधने स्थानिक शिक्षकांनीच घडवावी लागतात. परवाना त्यांना केवळ वाट मोकळी करून देतो.